टॅलिस्मनचं पहिलं एक्स्पान्शन: रीपर, डन्जन की सगळा गठ्ठा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरमधलं एक कुटुंब. घरात अकरा आणि चौदा वर्षांची दोन मुलं, आणि टॅलिस्मन या बोर्ड गेमची सुधारित चौथी आवृत्ती. रविवारी मेव्हण्याकडची मंडळी आली की सहा जण पटाभोवती बसतात. काही महिने मजा आली, पण आता धाकटा म्हणतो की तेच तेच राक्षस येतात. पुण्यातले एक गृहस्थ आपला संग्रह काढून टाकताहेत. त्यात द रीपर, द डन्जन, द हायलँड आणि द ड्रॅगन अशी चार एक्स्पान्शन्स, म्हणजे मूळ खेळात भर घालणारे डबे, आहेत. एकच घ्यायचं तर कोणतं? की चारही एकदम घ्यावीत, कारण गठ्ठा स्वस्तात पडतोय?

रीपर घ्या. गठ्ठा घेऊ नका. आता कारणं सांगतो. ती पटली नाहीत तर उलट निर्णय घ्यायलाही तीच उपयोगी पडतील.

नाशिकमध्ये मी बरीच वर्षं बोर्ड गेमच्या बैठका चालवतो. कधी गंगापूर रोडला कुणाच्या हॉलमध्ये, कधी नाशिकरोडला एखाद्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. टॅलिस्मन हा या बैठकांमध्ये सर्वांत जास्त मागितला जाणारा आणि सर्वांत जास्त वेळा अर्धवट सोडला जाणारा खेळ आहे. लोक तो कंटाळून सोडत नाहीत, रात्रीचे साडेदहा वाजले आणि मुलांची सकाळी शाळा आहे म्हणून सोडतात. एक्स्पान्शन निवडताना मी आधी हाच हिशेब करतो: या डब्याने डाव किती लांबेल आणि आपली पाळी यायला किती वेळ लागेल? राक्षस किती नवे आहेत हा प्रश्न त्यानंतरचा.

धाकट्याची तक्रार खोटी नाही. मूळ डब्यात साहसाची १०४ कार्डं आहेत, घरात पोचल्यावर उलटायची; राक्षस त्यातूनच येतात. सहा जण तीन तास खेळले तर त्यातली बरीचशी एका बैठकीत उलटली जातात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी ओळखीचे चेहरे दिसणारच. पण खेळाचं खरं दुखणं शेवटात आहे. मुकुटापर्यंत, म्हणजे पटाच्या मधोमध असलेल्या शेवटच्या घरापर्यंत, पोचलेला खेळाडू दर पाळीला कमांड स्पेल टाकतो: फाशावर १, २, ३ आले तर काहीच नाही, ४, ५, ६ आले तर बाकी सगळ्यांचं एकेक आयुष्य जातं. म्हणजे निम्म्या वेळा वार फुकट. समोर पाच आयुष्यं राखून बसलेला कुणी असेल तर त्याला संपवायला सरासरी दहा पाळ्या लागतात. सहा जणांच्या पटावर अशा दहा फेऱ्या म्हणजे तास गेला. शिवाय एकदा कुणी मुकुटावर पोचलं की त्यानंतर मेलेल्याला नवं पात्र मिळत नाही, तो बाहेर. मग तुमचा अकरा वर्षांचा मुलगा सोफ्यावर मोबाइल घेऊन बसतो आणि आतून विचारतो, ‘झालं का?’

हा खेळ मुळात १९८३ चा. रॉबर्ट हॅरिस यांनी तो रचला आणि गेम्स वर्कशॉपने बाजारात आणला. फासा टाका, डावीकडे जा किंवा उजवीकडे जा, घरात जे निघेल ते भोगा. आपल्या सापशिडीला दोन दिशा आणि एक तलवार दिली तर जे होईल, ते हे. नशिबाचा वाटा मोठा आहे आणि तो तसाच ठेवण्यात मजा आहे. ज्यांना प्रत्येक खेळी तोलूनमापून खेळायची आहे, त्यांनी एक्स्पान्शन घेऊन टॅलिस्मन सुधारण्याच्या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी दुसरे खेळ आहेत.

आता रीपर. छोटा डबा आहे, नवा पट नाही, म्हणजे टेबलावर जागा वाढत नाही. सहा जणांच्या घरात हे छोटं कारण नाही. आत साहसाची ९० कार्डं, २६ मंत्र, जादूगाराच्या कामगिरीची १२ कार्डं, चार नवी पात्रं आणि स्वतः यमराजाचा पुतळा. काळा झगा, हातात कोयता. आमच्याकडे त्याला रीपर कुणी म्हणत नाही, ‘यम’च म्हणतात.

यमाचा नियम एका ओळीत मावतो. चालण्याच्या फाशावर कुणाला १ पडला की आपली पाळी संपवून त्याने पुन्हा फासा टाकायचा आणि यमाला तितकी घरं चालवायचं. दिशा तोच ठरवतो. यम कुणाच्या घरात जाऊन थांबला तर त्या माणसाने फासा टाकून यमाच्या कोष्टकात आपलं भवितव्य बघायचं. तिथे १ पडला तर पात्र जागेवर खलास, मग त्याने कितीही तलवारी आणि घोडे जमवलेले असोत.

याने खेळात काय बदलतं ते बघा. आतापर्यंत चालण्याच्या फाशावर पडलेला १ म्हणजे निराशा. ‘एकच घर?’ असं म्हणून पोरं तोंड वाकडं करायची. यम आल्यावर तोच १ हातात शस्त्र देतो. सगळे उठून बघतात, कोण किती घरांवर आहे ते मोजतात, मेव्हणा लगेच गोड बोलायला लागतो. दुसऱ्याच्या पाळीत काहीच करायला नसणं हे टॅलिस्मनचं दुसरं दुखणं, आणि यम नेमका तिथे औषध लावतो. तेही वेळ न वाढवता, कारण एक जादा फासा टाकून पुतळा सरकवायला दहा सेकंद लागतात.

माणसं किती यावरही हे अवलंबून आहे. सहा जण खेळत असतील तर एका फेरीत निदान एकदा यम हलण्याची शक्यता साधारण ६७ टक्के. पाच असतील तर ६०. दोघेच असाल तर ३१ वर येते आणि मग यम बराच वेळ पुतळ्यासारखा उभा राहतो. दोघा-तिघांनी खेळणाऱ्यांना मी रीपर इतक्या जोरात सुचवणार नाही. तुम्ही सहा जण आहात, तुमच्यासाठीच तो केलाय म्हणा ना.

शिवाय तो पुढे गेलेल्याला खाली खेचतो. ताकद दहाच्या वर नेलेला गडी पटाच्या तीन वर्तुळांपैकी बाहेरच्या आणि मधल्या वर्तुळात आरामात फिरत राहू शकत नाही. यम आतल्या वर्तुळात शिरत नाही, त्यामुळे बाहेर रेंगाळण्यापेक्षा आत घुसलेलं बरं असं वाटायला लागतं. मूळ खेळात अनेक जण ‘अजून एक ताकद घेतो, मग जातो’ करत तास घालवतात. यमाची भीती त्यांना हाकलते.

जादूगाराच्या गुहेतल्या कामगिरीचंही तसंच. मूळ पटावर गुहेत फासा टाकून ठरलेल्या यादीतलं काम मिळतं आणि ते पुरं केलं की तावीज, जो असल्याशिवाय मुकुटापर्यंत जाता येत नाही. सहा-आठ डाव झाले की यादी पाठ होते. रीपरमधली १२ कार्डं त्या यादीची जागा घेतात. काही कामं सोपी आहेत, काही वेळखाऊ. मुलांना ही कार्डं यमाइतकीच आवडतात, कारण ‘मला काम मिळालंय’ म्हटलं की निरुद्देश गोल फिरणं थांबतं.

आता रीपरचं वाईट. ९० कार्डं मूळ १०४ मध्ये मिसळली की गठ्ठा १९४ चा होतो. एका संध्याकाळी साधारण ६० कार्डं उलटली जातात असं धरलं, तर मूळ गठ्ठ्यात एखादं विशिष्ट कार्ड दिसण्याची शक्यता ५८ टक्के होती, ती ३१ वर येते. वैविध्य वाढतं हे खरं, पण एकमेकांवर अवलंबून असणारी कार्डं भेटेनाशी होतात. ड्रॅगनविरुद्धच चालणारं शस्त्र हातात आहे आणि ड्रॅगन रात्रभर येत नाही, असं व्हायला लागतं. पुढची एक्स्पान्शन्स घातली की हे आणखी वाढतं. चारही डबे मिसळून केलेल्या विटेएवढ्या गठ्ठ्यात काहीच कशाशी जुळत नाही, मी गठ्ठा नको म्हणण्याचं हे पहिलं कारण.

उपाय सोपा आहे. मूळ गठ्ठा आणि रीपरचा गठ्ठा वेगवेगळे पिसा. दोन्हीतली निम्मी निम्मी कार्डं न बघता काढून एकत्र करा, उरलेली डब्यात. दर रविवारी गठ्ठा वेगळा बनतो, पण जाडी मूळइतकीच राहते. मी बैठकीत हेच करतो आणि नव्या लोकांना तर सांगतही नाही.

दुसरी गोष्ट, चार नव्या पात्रांपैकी डार्क कल्टिस्ट जरा जास्तच तगडा आहे. शत्रू मारला की फासा टाकून त्याला वर बक्षीस मिळतं, आणि शत्रू तर सगळेच मारतात. मोठ्यांमध्ये चालून जातं. मुलांमध्ये ज्याला तो मिळेल त्याच्यावर भांडण. मूळ डब्यातली प्रॉफेटेस आधीच भारी आहे (नको ते कार्ड टाकून दुसरं काढता येतं, याहून काय हवं!), त्यात हा. पात्रं न बघता वाटत असाल तर प्रत्येकाला दोन द्या आणि त्यातलं एक निवडू द्या, निम्मी कुरकुर तिथेच मिटते.

लहान मुलाचं पात्र यमाच्या एका फाशाने मेलं तर काय, हा प्रश्न पालक मला हमखास विचारतात. माझा अनुभव असा की मूल मरण्याने रडत नाही, तासभर जमवलेलं सामान गेलं म्हणून रडतं. खेळात कधी पात्राचा बेडूक होतो, तेव्हाही तेच: तीन पाळ्या बेडूक राहायला मुलांना आवडतं, पण तलवार आणि घोडा मागच्या घरात टाकावा लागतो तेव्हा ओठ थरथरतात. आमच्याकडचा घरचा नियम असा की यमाने मारलं तर नवं पात्र घेताना जुन्याची एक वस्तू वारशाने मिळते. नियमपुस्तकात हे नाही. अकरा वर्षांच्या मुलासाठी ठेवा, चौदाच्या मुलीला विचारून बघा. ती बहुधा नको म्हणेल.

आता डन्जन. हा मोठा डबा आहे. पटाच्या कोपऱ्याला जोडायचा वेगळा पट, त्यासाठी स्वतंत्र १२८ कार्डं, पाच पात्रं, आणि तळाशी लॉर्ड ऑफ डार्कनेस. त्याला हरवलं की खजिन्यातलं एक कार्ड मिळतं, आणि मोठ्या फरकाने हरवलं तर खेळाडू थेट मुकुटापर्यंतसुद्धा पोचू शकतो. म्हणजे शेवटाकडे जाणारा एक आडमार्ग तयार होतो. कागदावर हे मला रीपरपेक्षाही आवडतं. भुयाराची कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात असल्यामुळे मूळ गठ्ठा फारसा फुगत नाही; सोबतची ४२ साहसाची कार्डं बाजूला ठेवली तर मुळीच नाही.

पण सहा जणांत खेळताना काय होतं ते सांगतो. दोघे भुयारात उतरतात आणि पुढचा पाऊण तास तिथेच असतात. वर उरलेल्या चौघांशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटतो. त्यांच्यावर हल्ला करायला कुणी जात नाही, ते कुणाला भेटत नाहीत. आत शत्रू दमदार आणि माल भरपूर, त्यामुळे जे जगतात ते बाहेर येताना इतके बलवान झालेले असतात की वरच्या लोकांना पुढचा निकाल दिसायला लागतो. तिघा-चौघांचा, सारख्या जाणकार लोकांचा कंपू असेल, ज्यांना पात्र वाढवत नेण्यात रस आहे, त्यांना मी डन्जनच आधी घ्यायला सांगेन. तुमच्या रविवारच्या बैठकीला नाही. तुमची मुलगी कॉलेजात गेली, मैत्रिणींना घेऊन खेळायला लागली की तेव्हा बघा.

हायलँडबद्दल थोडक्यात. तोही कोपऱ्याचाच पट, डोंगराळ मुलूख, शेवटी ईगल किंग. डन्जनपेक्षा मवाळ, लहान मुलांना झेपणारा, चित्रं सुंदर. वाईट काहीच नाही, पण सहा जणांत डन्जनचा जो दोष तोच याचाही.

ड्रॅगनला मात्र स्पष्ट नाही. तीन ड्रॅगन लॉर्ड, प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा, आणि प्रत्येकाने आपल्या पाळीच्या सुरुवातीला टोकन काढून बघायचं. कल्पना छान आहे. पण प्रत्येक पाळीत अर्धं मिनिट वाढलं तर सहा जणांच्या एका फेरीत तीन मिनिटं वाढतात, आणि अशा तीस फेऱ्या झाल्या की दीड तास. त्यातून खेळ कठीणही होतो. ज्यांना टॅलिस्मन पुरेसा लांब वाटत नाही असे लोक जगात आहेत, मला भेटलेत, त्यांनी तो जरूर घ्यावा.

तुमच्या यादीत नसलेलं एक नाव सांगतो, कारण मी ज्या दुखण्याबद्दल बोलतोय त्यावर सरळ औषध त्यात आहे: द फ्रॉस्टमार्च. छोटा डबा, आणि त्यात खेळ संपवण्याचे तीन वेगळे प्रकार कार्डांवर दिलेत. सुरुवातीला एक शेवट निवडून मुकुटाच्या घरावर ठेवायचा, उघडा किंवा झाकून. त्यातल्या एका प्रकारात जादूगाराच्या कामगिऱ्या पुऱ्या करणारा जिंकतो, म्हणजे कमांड स्पेलचा रटाळ तास येतच नाही. रीपर आणि फ्रॉस्टमार्च ही जोडी मला या आवृत्तीतली सर्वांत चांगली खरेदी वाटते. पुण्याच्या गृहस्थांकडे तो आहे का विचारा. नसेल तर तोवर घरचा नियम करा: मुकुटाच्या घरात जो पहिला पोचेल तो जिंकला. आणि ताकदीचा एक गुण मिळवायला शत्रूंचे ७ गुण लागतात, तिथे ५ करा. एवढ्याने सहा जणांचा डाव अडीच तासांत बसायला हरकत नाही.

खरेदीबद्दल. सुधारित चौथी आवृत्ती काढणारी फॅन्टसी फ्लाइट आणि गेम्स वर्कशॉप यांचा करार २०१७ च्या सुरुवातीला संपला, त्यामुळे फॅन्टसी फ्लाइटच्या छपाईचे डबे आता जुन्या बाजारातच फिरतात आणि काहींचे भाव उगाच चढलेले आहेत. २०२४ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिलने पाचवी आवृत्ती काढली, तिच्यासोबत सगळ्यांनी मिळून खेळायचं अलायन्सेस नावाचं एक्स्पान्शनही आलं. दुकानात ते दिसलं तर हुरळून उचलू नका, तुमच्या चौथ्या आवृत्तीशी ते जुळत नाही. आणखी एक खात्री करून घ्या. चौथी आवृत्ती आधी २००७ मध्ये ब्लॅक इंडस्ट्रीजने काढली होती, तिच्यात फेट टोकन (नकोसा फासा पुन्हा टाकू देणारे) नव्हते. तुमच्या डब्यात ते टोकन आणि प्लॅस्टिकचे पुतळे असतील तर काळजी नको.

पैसे देण्याआधी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर नोमॅड गेम्सची टॅलिस्मनची डिजिटल आवृत्ती मिळते ती बघा. त्यात ही एक्स्पान्शन्स सुटी विकत घेता येतात, डब्याच्या मानाने किरकोळ किमतीत. मुलांनी आठवडाभर रीपर त्यावर खेळून बघितला तर यम त्यांना आवडतो की छळतो हे आधीच कळेल. डिजिटलमध्ये फासे आणि पिसणं आपोआप होत असल्यामुळे सगळंच भराभर चालतं, तेव्हा डन्जन किंवा ड्रॅगनच्या वेळेचा अंदाज मात्र त्यावरून बांधू नका.

जुना डबा घेताना कार्डं मोजून घ्या: रीपरची ९०, २६, १२, आणि यमाचा पुतळा. कोयता वाकलेला असेल तर गरम पाण्यात धरून सरळ होतो, त्यावरून भाव पाडून घ्यायला हरकत नाही. कार्डांच्या कडा नखाने तपासा. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट होते की उघडी कार्डं जुलैत धनुष्यासारखी वाकतात. ज्या शहरात देशाच्या नोटा छापल्या जातात तिथे राहून कागदाची एवढी हेळसांड बरी दिसत नाही. मोजमाप घेऊन मगच स्लीव्ह (कार्डांची प्लॅस्टिकची पाकिटं) मागवा. जुन्या आणि नव्या कार्डांना एकाच कंपनीच्या घाला, नाहीतर पाठीमागून ओळखू येतात आणि तुमचा मेव्हणा ते पहिल्याच दिवशी हेरेल.

आणि रविवारी मिसळ खाऊन थेट पटावर बसत असाल तर स्लीव्हसुद्धा वाचवणार नाहीत. तर्रीचा डाग एकदा लागला की ते कार्ड गठ्ठ्यात कुठे आहे हे सगळ्यांना कायमचं कळतं. आमच्याकडे नियम आहे, साबणाने हात धुतल्याशिवाय फासा मिळत नाही. आजी खेळायला बसणार असतील तर त्यांना ट्रोल हे पात्र द्या: ताकद ६, मंत्रांची भानगड जवळजवळ नाही, इंग्रजी वाचायचं काम शेजारच्या नातवाने करावं. यम चालवायची वेळ मात्र त्यांच्यावर आली की दिशा त्यांनाच ठरवू द्या. आमच्या बैठकीत एका आजींनी यम सरळ जावयाच्या घरात नेऊन उभा केला होता, तोही मुलीला विचारून.

गठ्ठा स्वस्त पडतोय हा मोह समजतो. पण चार डब्यांतले दोन कपाटावर जाणार असतील तर ती स्वस्ताई नव्हे. त्या गृहस्थांना सांगा, रीपर आत्ता नेतो, फ्रॉस्टमार्च मिळाला तर कळवा, आणि डन्जनला गिऱ्हाईक मिळालं नाही तर दिवाळीनंतर पुन्हा बोलू.